“जाऊ दे ना, तमाशा नको”

संपादक महोदय, स.न.वि.वि.

आम्ही पाच जणी. ओळख झाली ती बोरिवलीच्या ८.१७ च्या लोकलच्या लेडीज डब्यात. आता चौघी रिटायर झाल्यात, पाचवी पुढच्या वर्षी होईल, पण ग्रुप काही सुटला नाही. दर महिन्याला प्रत्येकी हजार रुपये भिशीत टाकतो, त्यातनं महिन्यातनं एकदा बाहेर खायचं आणि उरतील त्यात वर्षातनं एकदा कुठेतरी एक रात्र राहून यायचं, नवरे-मुलं-नातवंडं कोणी नको. घरचे विचारतात एवढं काय बोलता गं तुम्ही, आता तिघींच्या बाकावर चौथ्या सीटवर अर्धं अर्धं टेकून वीस वर्षं मेथी निवडलेल्या बायका आहोत आम्ही, विषय संपतील कसे.

तर गेल्या महिन्यात एकीचा वाढदिवस होता आणि तिच्या सुनेने लोअर परळच्या एका मॉलमधलं रेस्टॉरंट सुचवलं. नाव नाही लिहीत, कारण असं करणारं ते एकटंच आहे असंही नाही. बसल्या बसल्या पहिला प्रश्न “मॅम, रेग्युलर वॉटर ऑर मिनरल?” आणि हे असल्या सुरात की रेग्युलर म्हणणारी बाई नळाला तोंड लावून पिणारी असावी. आम्ही रेग्युलरच म्हटलं. जेवण छान होतं, तिथे खोट काढणार नाही, फोटो झाले, हसून हसून पुरेवाट झाली.

मग बिल आलं. आमच्या खजिनदारीणबाईंनी जन्मभर अकाउंट्समध्ये काढलाय, त्या चष्मा लावल्याशिवाय बिलाला हात लावत नाहीत. खाण्याचे ३,४८०. त्याखाली बारीक अक्षरात १० टक्के सर्व्हिस चार्ज ३४८. आणि ५ टक्के जीएसटी तो या दोन्हींच्या बेरजेवर, म्हणजे १९१ रुपये ४० पैसे. एकूण ४,०१९. सर्व्हिस चार्ज नसता तर ३,६५४ झाले असते. ३६५ रुपयांचा फरक, डोकी ७३. बाईंनी वेटरला सांगितलं हा चार्ज काढून आणा, आणि लगेच आमच्यातलीच एक कुजबुजली, “जाऊ दे ना, तमाशा नको, लोक बघतायत.”

हे पत्र लिहितेय ते या वाक्यासाठी. भाजीवाल्याशी पाच रुपयांच्या कोथिंबिरीवरून दहा मिनिटं घासाघीस करणाऱ्या बायका आम्ही, एसीत बसलो की ३६५ रुपयांना “जाऊ दे” म्हणतो. मैत्रिणींसमोर आपण चिंगूस दिसू ही भीती, आणि हॉटेलवाल्यांना ती बरोब्बर माहीत असते.

मॅनेजर आला, म्हणाला पॉलिसी आहे, बोर्डवर लिहिलंय. बोर्ड कुठे, तर दारातल्या कुंडीच्या मागे. अहो बोर्ड लावला म्हणून काय झालं! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला स्पष्ट सांगितलंय की हा चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, दुसऱ्या कुठल्या नावाने लावायचा नाही, बिलात मिळवून त्यावर जीएसटी घ्यायचा नाही, ज्याला द्यायचा तो मनाने देईल. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, तर २८ मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टाने त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि वर एकेक लाखाचा भुर्दंड लावला. त्यावर ते अपिलात गेलेत ती गोष्ट वेगळी. बाईंनी त्याला एवढंच विचारलं की १९१५ ला आत्ता फोन लावू का. हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. दहा मिनिटांत नवीन बिल आलं.

वेटरच्या पोटावर आम्हाला पाय द्यायचा नव्हता हो, निघताना दोनशे रुपये त्याच्या हातात ठेवले. सर्व्हिस चार्जचे पैसे तुला मिळतात का विचारलं तर मागे वळून बघितलं आणि म्हणाला, महिन्याच्या शेवटी काहीतरी येतं, कशाचं किती ते नाही माहीत. मुलगा विशीतला असेल, चिपळूणकडचा.

माटुंग्याला रामा नायकांच्या उडुपीत आम्ही कित्येकदा जातो, १९४२ पासून चालू आहे, आधी कुपन घ्यायचं, नंबर यायची वाट बघायची, केळीच्या पानावर पोटभर जेवायचं. काय ते पैसे आधीच दिलेले असतात, शेवटी धक्का नाही. मॉलवाल्यांनाही आमचं हेच सांगणं आहे, डाळ साडेचारशेची पाचशे करा, मेन्यूत छापा, परवडलं तर येऊ नाहीतर नाही येणार.

दिवाळीनंतर माथेरानला गेलो होतो तिथेही थोडं तेच. नेरळच्या १९०७ सालच्या छोट्या गाडीचं तिकीट मिळालं नाही, मग टॅक्सीने दस्तुरी नाका, मोटारी तिथपर्यंतच जातात, आणि जवळच्या अमन लॉज स्टेशनवरनं शटल गाडी, बाजारापर्यंत लाल मातीने चपला माखलेल्या. दोन रूमचे मिळून ६,४०० आणि त्यावर जीएसटी लावला १२ टक्के. साडेसात हजारापर्यंतच्या रूमवर तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झालाय. तिथला मालक बिचारा साधा निघाला, कॉम्प्युटरमध्ये जुनंच राहिलं म्हणाला आणि ४४८ रुपये परत दिले, वर आलं घातलेला चहा पाजला. त्या चहापायी आम्ही चेकआउटची दहाची वेळ चुकवली पण तोही काही बोलला नाही.

पुढचा नंबर दादरला मामा काणेंचा, वडा खायला. तमाशा नको म्हणणारीने परवाच ग्रुपवर मेसेज टाकलाय, या वेळी बिल मी बघणार.

आपली,
८.१७ च्या ग्रुपमधली एक, बोरिवली (पूर्व)