मूर्ती आली कुठून, तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत बोस्टनच्या म्युझियममधल्या 'ग्रीन हेड'चा फोटो छापलात त्याबद्दल मनापासून आभार. पण फोटोखाली "इजिप्तमधील प्राचीन शिल्प" एवढंच होतं, ते शिल्प अमेरिकेत गेलं कसं याचा एक शब्द नाही, म्हणून हे पत्र.

डोकं तळहातावर मावेल एवढं, उंची दहा-अकरा सेंटिमीटर, ग्रेवॅक नावाच्या हिरवट टणक दगडाचं. पण कारागिराचं काम बघा, पुजारी म्हणून टक्कल तुळतुळीत, डोळ्यांच्या कडेला बारीक सुरकुत्या, नाकापासून ओठांकडे उतरलेल्या घड्या आणि डाव्या गालाच्या हाडावर चक्क एक चामखीळ! तिकडच्या राजांच्या मूर्ती बहुतेक तरुण आणि गुळगुळीत, हा माणूस मात्र पारावर बसलेल्या आपल्या एखाद्या अण्णांसारखा वाटतो. साधारण इ.स.पू. ३८० ते ३३२ मधलं काम मानतात.

आता प्रवास. १८५७ मधे मारिएट नावाच्या फ्रेंच माणसाने हे इजिप्तमधल्या सक्कारा इथे सेरापियममधे, म्हणजे पवित्र बैलांच्या भुयारी दफनभूमीत, खणून काढलं. फ्रान्सच्या सम्राटाचा चुलतभाऊ प्रिन्स नेपोलियन इजिप्तला यायचा होता, त्याच्यासाठी वस्तू जमवायचं काम तिथला शासक सईद पाशा याने मारिएटला दिलं होतं. दौरा झालाच नाही पण वस्तू भेट म्हणून गेल्या, त्यात हे डोकंही गेलं. पुढे ते एडवर्ड वॉरन या संग्राहकाच्या हातात आलं आणि त्याच्याकडून १९०४ साली बोस्टनच्या म्युझियममधे. म्हणजे एका पाहुण्याची सरबराई म्हणून जी वस्तू देशाबाहेर गेली ती परत आलीच नाही, हे मला तरी फार लागतं.

आणि मोठं नुकसान वेगळंच आहे. इजिप्तमधे मूर्ती कोणाची ते तिच्या पाठीला जोडलेल्या दगडी खांबावर, पायथ्यावर कोरायचे. इथे धड गेलं आणि त्याबरोबर नाव गेलं, त्यामुळे इतका जिवंत चेहरा आपल्यासमोर आहे पण हाक कोणत्या नावाने मारायची ते कुणालाच माहीत नाही.

सातारकरांना हा विषय परका नाही. २०२४ च्या जुलैत लंडनहून वाघनखं आपल्या म्युझियममधे आली तेव्हा सगळा जिल्हा लोटला होता. ग्रँट डफ हा इंग्रज कंपनीचा अधिकारी सातारला रेसिडेंट (दरबारातला प्रतिनिधी) असताना ती त्याला मिळाली असं ती ठेवलेल्या डबीवरच्या मजकुरात आहे, त्याच्या घराण्याने १९७१ मधे ती लंडनच्या म्युझियमला दिली आणि महाराजांनी वापरलेली तीच ही हे सिद्ध करता येत नाही असं ते म्युझियम स्वतःच सांगतं. महाराजांवरची माझी श्रद्धा त्याने तसूभर कमी होत नाही, उलट कोणी दिली, कोणाला, कधी, हे समोर लिहिलं असलं की बघणारा जास्त वेळ थांबतो.

आपल्या गावांत मात्र रोज नोंद पुसली जातेय. मंदिराबाहेर वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मारकदगड असतात, खाली लढाई, मधे अप्सरा वीराला घेऊन चाललेल्या, वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्रसूर्य. बहुतेकांवर नाव नसतं, तो कुठल्या शिवारात, कोणत्या वेशीपाशी उभा होता हीच काय ती त्याची ओळख. जीर्णोद्धार निघाला की जेसीबी येतो, वीरगळ उचलून बाजूला टाकतात, नंतर त्यावर ऑइलपेंट मारून कुठेतरी भिंतीला टेकवतात, आणि चार-पाच वर्षांत हा मूळचा कुठला ते सांगणारं कुणी उरत नाही. इथे कुठला राजपुत्र नेत नाहीये हो, आपणच करतोय.

तेव्हा विनंती अशी की आपल्या तालुक्यांच्या वार्ताहरांना सांगा, कुठेही जीर्णोद्धाराचा नारळ फुटला की फोडणाऱ्यांच्या फोटोबरोबर तिथल्या जुन्या दगडांचाही फोटो घ्यावा, ते दगड हलवायच्या आधी, आणि खाली गाव, वाडी, कोणत्या दिशेला तोंड होतं, हे छापावं. जागा कमी पडत असेल तर पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या बातम्यांतली थोडी कापा, आम्ही वाचक तक्रार करणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा