'हेवन'चे आकडे आणि निवतीचं जहाज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिंधुदुर्गातल्या निवती रॉक्सजवळ नौदलाची निवृत्त युद्धनौका डायव्हिंग पर्यटनासाठी समुद्रतळाशी बसवण्याच्या 'आयएनएस गुलदार' प्रकल्पाच्या निमित्तानं इटलीत बुडालेल्या 'हेवन' या टँकरचा दाखला देणाऱ्यांनी आधी त्याची खोली पाहावी.

11 एप्रिल 1991 रोजी जिनोव्हाजवळ या 334 मीटर लांबीच्या टँकरवर एका टाकीतलं कच्चं तेल दुसरीत वळवताना स्फोट झाला. पोटात सुमारे 1,44,000 टन तेल होतं. किनाऱ्याकडे ओढून नेताना नाळेकडचा (पुढच्या टोकाचा) भाग तुटून फार खोल गेला. उरलेलं धूड 14 एप्रिलला आरेंझानोसमोर बुडालं आणि तळावर सरळ टेकलं. बरंचसं तेल जळालं, पण जळून घट्ट झालेलं डांबर तळाशी बसलं.

या जहाजाचा सर्वांत वरचा भागच 33 मीटरवर, म्हणजे अठरा वाव खोल आहे. मुख्य डेक 54 मीटरच्या आसपास, तळ 80 मीटरच्या पुढे. हौशी डायव्हिंगची मर्यादा 40 मीटर. म्हणजे जहाजाचा माथा दिसतो तिथेच परवाना संपत आलेला असतो!

आता हवेचा हिशेब. 40 मीटरवर दाब 5 बार, म्हणजे पृष्ठभागावरच्या पाचपट. शांत माणसाला पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर हवा लागते, तिथे 100. बारा लिटरचा सिलिंडर 200 बारला भरला तर 2,400 लिटर. जोडीदाराची हवा संपली आणि दोघं एकाच सिलिंडरवर वर आले, तर घाबरलेल्या दोघांचे मिळून पृष्ठभागाच्या मापानं मिनिटाला 80 लिटर धरा आणि त्या-त्या खोलीच्या दाबानं गुणा: तळाशी सावरायला एक मिनिट, 400, पाच मीटरपर्यंत सावकाश चढायला चार मिनिटं, साधारण 1,040, तिथे तीन मिनिटं थांबायला 360. बेरीज 1,800, म्हणजे 150 बार. गेज (सिलिंडरचा दाबमापक) 150वर आला की निघायचं, आणि खाली उतरतानाच वरच्या पन्नास बारमधली बरीच हवा गेलेली असते. पन्नास बार राखीव ठेवा हा उथळ पाण्यातला नियम इथे जीवघेणा आहे. जोडसिलिंडर हवाच. मुख्य डेकसाठी हवेऐवजी ट्रायमिक्स (ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हेलियमचं मिश्रण) आणि वर येताना 21 मीटरपासून 50 टक्के नायट्रॉक्स (निम्मा ऑक्सिजन असलेलं मिश्रण). साध्या हवेवर तिथे नायट्रोजनची गुंगी येते आणि गेज दिसूनही उमगत नाही. खालचं पाणी भर उन्हाळ्यातही 14 अंशांच्या आसपास असतं, ते वेगळंच.

'गुलदार' त्या मानानं उथळ पाण्यासाठी आहे, आणि तेच बरं. पण डिझेल, हायड्रॉलिक तेल, ॲस्बेस्टॉस, लोंबत्या केबल्स आणि सुटे दरवाजे काढल्याचा अहवाल जाहीर व्हावा. प्रत्येक दालनाला बाहेरचा उजेड दिसेल असे दोन मोठे मार्ग कापलेले असावेत. कायमचा बोया आणि उतरण्याचा दोर बांधावा. बोटीवरच्या फलकावर डेकनिहाय खोली मराठीत लिहावी, आणि सिलिंडर किती बारला आल्यावर परतायचं तेही.

आपला,
एक स्कूबा प्रशिक्षक, मालवण