हवेचा आकडा नक्की कुठल्या गल्लीचा?

संपादक साहेब,

रोज मुंबईचा एक्यूआय (हवा किती खराब ते सांगणारा निर्देशांक) म्हणून एकच आकडा छापता, पण रिफायनऱ्यांशेजारच्या माहुलची हवा आणि मलबार हिलची हवा एक कशी असेल हो? त्यात तो २४ तासांची सरासरी, म्हणजे रात्रीच्या ट्रॅफिकचा धूर दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात झाकला जातो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची हवेचा अंदाज सांगणारी यंत्रणा ‘सफर’ २०१५ पासून मुंबईचा अंदाज देतेय, चांगलंच आहे, पण तिच्या संगणकातल्या मॉडेलला आधी सांगावं लागतं ना की कुठे किती धूळ उडते, आणि इथे तर रोज नवीन टॉवर खोदायला घेतात, धूळ कुठून येते त्याची जुनी यादी किती पुरणार? पीएम २.५ ची (म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची) आपली दिवसाची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची (डब्ल्यूएचओ) १५, तेही बाजूला छापा की.

- एक वाचक, चेंबूर