‘ठरवलेल्या वेळेआधी’ म्हणजे कधी?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ज्येष्ठ स्त्रियांच्या निद्रानाशावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. परदेशी प्रश्नावली मराठीत आणली की काम झालं, हा त्यातला सूर मात्र पटला नाही. मी तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं आणि आता एकाहत्तरीत आहे. त्यामुळे विषय दोन्ही अंगांनी माझाच.

अमेरिकेत १९९० च्या दशकात ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या स्त्रियांच्या आरोग्याच्या मोठ्या अभ्यासात पाळी गेलेल्या, ५० ते ७९ वयाच्या १ लाख ६१ हजारांवर स्त्रियांना घेतलं होतं. त्यातून निद्रानाशाची पाच प्रश्नांची मोजपट्टी निघाली. झोप लागायला त्रास होतो का, रात्रीत बऱ्याचदा जाग येते का, ठरवलेल्या वेळेआधी येते का, मग पुन्हा झोप लागते का, आणि एकूण झोप कशी. गेल्या चार आठवड्यांचं विचारायचं, प्रत्येकी ० ते ४ गुण, एकूण २०. गुण जास्त तेवढा त्रास जास्त. सुटसुटीत आहे, मला आवडते.

पण तिसरा प्रश्न सासूबाईंना (वय ९३) विचारला, तर म्हणाल्या, “मी कधी ठरवली गं वेळ?” त्यांची उठायची वेळ उभा जन्म नळानं ठरवली. आता गच्चीवर टाकी आहे, जाग मात्र साडेतीनलाच येते. तक्रार काहीच नाही. गुण किती द्यायचे?

पंधरा दिवसांनी तेच पाच प्रश्न पुन्हा विचारले. मोजपट्टी भरवशाची की नाही, हे असंच बघतात. या खेपेला माझी सून शेजारी बसली होती. सासूबाईंना एकदम “छान” झोप लागायला लागली! नंतर हळूच म्हणाल्या, “नाही लागत म्हटलं तर गोळ्या सुरू करतील.”

पाचही उत्तरं एकमेकींशी जुळली की ‘क्रॉनबॅकचा अल्फा’ हा जुळणीचा आकडा चांगला येतो, आणि अहवालात तोच मिरवतो. पण पाचही उत्तरं सुनेला ऐकवण्यासाठी दिलेली असली, तरी ती जुळतातच की!

म्हणून भाषांतराला बसण्याआधी बायका काय बोलतात ते ऐकावं. ‘डोळ्याला डोळा नाही’, ‘तळमळत पडले होते’ आणि ‘सावध झोप’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. लघवीला उठणं ‘जाग येणं’ म्हणून धरायचं की नाही, हेही विचारणारीला आधीच सांगून ठेवावं. आणि विचारताना खोलीत दुसरं कोणी नको, मुलगीसुद्धा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा