गुडघा गेल्यावर खेळाडूनं काय करायचं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) फुटबॉल लीगचा हंगाम जवळ आला की आमच्या पेठेत दुसरा विषय नसतो. कुठल्या तालमीनं, म्हणजे पेठेतल्या फुटबॉल संघानं, कुणाला घेतलं, बाहेरून कोण येणार, याच गप्पा. मीही नऊ हंगाम एका तालमीकडून डिफेन्सला खेळलो. सत्ताविसाव्या वर्षी शाहू स्टेडियमवर गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशनचे पैसे मित्रांनी वर्गणी काढून जमवले. तालमीतले सगळे भेटून गेले, पण मदतीची काही सोयच तिथं नव्हती. वडिलांनी मी शाळेत असतानाच लेथ मशीनवरचं काम शिकवलं होतं, म्हणून आज उद्यमनगरात काम करून घर चालवतो. माझ्याबरोबर खेळलेल्या कितीतरी पोरांच्या हातात असं काहीच नव्हतं.

म्हणून मला भारताचे माजी फुटबॉल कर्णधार बायचुंग भुतिया यांचं मोठेपण त्यांच्या गोलांपलीकडंही दिसतं. सिक्कीमच्या खेड्यातला हा पोरगा ईस्ट बंगालकडून खेळला, १९९९ मध्ये इंग्लंडच्या बरी क्लबकडं गेला. पण २००६ मध्ये, स्वतः ऐन भरात खेळत असताना, त्यांनी देशातल्या फुटबॉलपटूंची संघटना उभी केली. थकलेले पैसे, करार, दुखापत यांवर एकट्या खेळाडूनं क्लबशी काय बोलायचं? चौघं मिळून बोलले तर ऐकावं लागतं. २०१० पासून त्यांनी मुलांसाठी फुटबॉल शाळाही काढल्या. निवडणुकीत त्यांना यश आलं नाही. २०१४ ला दार्जिलिंग, २०१६ ला सिलिगुडी, पुढं सिक्कीममध्येही हरले आणि २०२४ च्या पराभवानंतर राजकारण सोडलं. माझ्या लेखी त्यांची लोकसेवा खेळाडूंच्या त्या संघटनेत आहे.

आपल्याकडं चंद्रकांत जाधव होते. फुटबॉल खेळले, उद्योजक झाले, २०१९ ला कोल्हापूर उत्तरचे आमदार झाले. डिसेंबर २०२१ मध्ये ते अकाली गेले. मैदानातून कारखान्यापर्यंतची वाट याच गावात आहे, हे त्यांच्यामुळं पोरांना दिसलं होतं.

तालमींना माझी कळकळीची विनंती आहे. बक्षिसाच्या रकमेतला ठराविक वाटा खेळाडूंच्या विम्यासाठी बाजूला काढा. बाहेरच्या खेळाडूंवर होणाऱ्या खर्चापुढं तो फार नसेल. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगरातले कितीतरी कारखानदार तालमींचे पक्के समर्थक आहेत. पावसाळ्यात मैदान बंद असतं, तेवढे महिने त्यांनी दोन-दोन पोरं शिकाऊ म्हणून घ्यावीत. शिकवायला मी स्वतः संध्याकाळी वेळ देईन.

हंगाम सुरू होण्याआधी केएसएनं तालमींच्या पदाधिकाऱ्यांबरोबर आम्हा जुन्या खेळाडूंनाही एकदा बैठकीला बोलवावं. आमच्यातले बरेच जण रोज संध्याकाळी स्टेडियमच्या गेटवरच भेटतात.

आपला,
एक माजी खेळाडू
मंगळवार पेठ, कोल्हापूर