सही करू का नको, सांग

सुध्या,

कितीतरी दिवसांत फोन नाही, मेसेज नाही, तुझे गुड मॉर्निंगवाले फुलांचे फोटोपण उघडले नाहीत. राग धरला असशील तर धर, तुझा राग मला काय नवा नाही. तब्येत बरी, शुगर तशीच, गुडघ्याचं टाळतोय.

तर कंपनीने तडजोडीचा कागद पाठवलाय. हो, तीच संपाची केस, अजून तारखाच चालूत. पैसे वाईट नाहीत, वकीलसाहेब म्हणतात घेऊन टाका. पण मधेच एक ओळ घुसवलीय, संप बेकायदेशीर होता हे युनियनला मान्य आहे. खाली सही जनरल सेक्रेटरीची. तुम्ही लेकांनो सेक्रेटरी गाळून मला नुसतं जनरल म्हणायचात ना, घ्या आता.

बबनची बायको आली होती घरी. मी तिला ती ओळ वाचून दाखवली, ती म्हणाली भाऊजी ते तुमचं तुम्ही बघा, मला पावसाच्या आधी पत्रे बदलायचेत. काय बोलणार? आणि तिकडे आपला पांडू म्हणतो सही केली तर तोंड बघणार नाही. दोघंही खरंच बोलतात.

रात्री झोप नाही, मग मोबाईलवर वाचत बसतो. पोरगा व्हर्जिनियात आहे, त्याने मागे व्हिडिओ कॉलवर अ‍ॅपोमॅटॉक्स दाखवलं होतं, म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धात जिथे ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचा जनरल ली उत्तरेच्या जनरल ग्रँटला शरण गेला ते घर. तेव्हापासून तो ली डोक्यात बसलाय. त्या दिवशी सकाळी त्याचाच एक अधिकारी, अलेक्झांडर, त्याला म्हणाला शरण कशाला जायचं, पोरांना रानात पांगू द्या, छोट्या टोळ्या करून लढू. ली नाही म्हणाला. म्हणाला उपाशी पोरं लुटारू होतील, मुलूख सावरायला वर्षं जातील, आणि आपण देव मानणारी माणसं, नुसतं आपलं काय होईल एवढंच बघायचा आपल्याला हक्क नाही. मग नवाकोरा युनिफॉर्म घालून, तलवार लावून गेला. ग्रँट चिखलाने माखलेला. पण ग्रँटने काय केलं बघ, माणसं घरी जाऊ दिली, घोडेसुद्धा ठेवू दिले, पेरणीला लागतील म्हणून. तुमचं चुकलं असं लिहून दे, हे काय त्या कागदात नव्हतं. मी इथेच अडकलोय रे.

आता तू म्हणशील ली कशासाठी लढला ते सांग आधी. माहितीय. गुलाम ठेवणाऱ्यांच्या बाजूने लढला, माझं राज्य माझं राज्य करत, आणि त्याच्या सभ्यपणाने ते धुऊन निघत नाही. गेटिसबर्गच्या लढाईत मार खाऊन पोरं परत आली तेव्हा चूक माझी म्हणाला, राजीनामापण दिला, तो घेतला नाही कुणी. पण चूक कुठली? त्या दिवशीच्या हल्ल्याची. मूळ लढाईबद्दल तोंडातून तसलं काही नाही. आणि गंमत ऐक, त्याने नंतर ऑक्टोबर १८६५ मध्ये निष्ठेच्या शपथेवर सही केली, तो कागद सरकारी कपाटात असा गडप झाला की १९७० मध्ये सापडला, नागरिकत्व परत मिळालं १९७५ ला. माणूस १८७० लाच गेलेला. आपलं लेबर कोर्टच की.

आणि आपला सत्तावन्नच्या उठावातला तात्या टोपे? आपल्या येवल्याचा, शाळेत ज्याच्यावर भाषण ठोकून तू माझं पहिलं बक्षीस पळवलंस तो. त्याने बरोबर लीच्या उलटं केलं. १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेर गेलं, सगळं संपलं, तरी पुढे नऊ-दहा महिने रानोमाळ. नर्मदा ओलांडून आला, दख्खन उठेल म्हणून. कोण उठलं? इकडे सिन्नरकडे भागोजी नाईक त्याच्या हिशेबाने झुंजत होता, पण तात्याला मिळणार कसा, मधे सगळे गोरे. शेवटी मानसिंगाने दगा दिला, ७ एप्रिल १८५९ ला धरला, १८ ला शिप्रीला फाशी. जबाबात त्याने काय सांगितलं, तर काल्पीपर्यंत नानासाहेब पेशव्यांचे हुकूम पाळले, नंतर रावसाहेबांचे, बायकापोरांच्या कत्तलीशी माझा संबंध नाही. बंड केलं असं काही कबूल नाही केलं. मला आधी हे पळवाटीसारखं वाटायचं. आता वाटतं तो नेमकं बोलला, मी तुमचा नोकरच नव्हतो तर बंड कसलं? पण त्या दहा महिन्यांत जी पोरं मेली त्यांच्या घरच्यांना हे कोण समजावणार, बबनच्या बायकोसारख्यांना.

तू गेट मीटिंगमध्ये काळाराम काढला होतास. तुझ्या आजोबांनी तिथे दगड खाल्लेले, त्यामुळे पुढे कुणी बोलेना, मीच ओरडलो. १९३० ला सुरू झालेला सत्याग्रह, १९३४ मध्ये बाबासाहेबांनीच दादासाहेब गायकवाडांना कळवलं की आता पुरे, ताकद राजकारण आणि शिक्षणाकडे लावा. दार उघडलं नव्हतं. आणि पुढच्या वर्षी येवल्यातच सांगून टाकलं, हिंदू म्हणून मरणार नाही. तू म्हणालास थांबणं म्हणजे हरणं नाही, आणि महिन्याभरात व्हीआरएस घेऊन पुण्याला पळालास! मला तेव्हा पटलं नव्हतं, आजपण अर्धंच पटतंय, कारण बाबासाहेब थांबले पण आमचं आत यायचं चुकलं असं पुजाऱ्यांना लिहून नव्हतं दिलं.

म्हणून ती ओळ काढा असं मी वकिलांना सांगितलंय. समोरचे म्हणतात ओळ राहील नाहीतर पैसे नाहीत. त्यांचं सगळं उभं आहे चौदा दिवसांच्या नोटिशीवर, कायद्याने संपाआधी ती लागते, आणि ते म्हणतात ती मिळालीच नाही. नोटीस तू लिहिलीस, तूच नेऊन दिलीस, शिक्का मारलेली कॉपी तुझ्याकडेच होती. मागे नाही म्हणालास पण तू कधी नीट शोधतोस का रे.

पोरीचं लग्न ठरलं ऐकलं, छान झालं, हिने पैठणी बघून ठेवलीय. आणि नोटिशीची ती कॉपी माळ्यावरच्या त्या पत्र्याच्या पेटीत बघ. सापडली तर आधी फोटो पाठव. मंगळवारी सातपूरला सगळे बसतोय, नाही सापडली तरी ये, पांडूला समजवायचं असो की मला, ते तुलाच जमेल.

तुझा,
दत्ता