गिटारवर्गांत कॉर्डचे भान हवे

महोदय,

लातूर, नांदेडसारख्या शहरांत गिटार शिकणाऱ्या मुलांची बोटे स्केलवर (ठरलेल्या स्वरक्रमावर) झपाट्याने फिरतात, पण साथीतला कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरसमूह, बदलला तरी त्यांचे वादन बदलत नाही, ही बाब शिक्षकांनी मनावर घ्यायला हवी. जॅझमध्ये डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन हा कॉर्डचा क्रम सतत भेटतो. त्यात पहिल्या कॉर्डमधला सी हा स्वर दुसऱ्या कॉर्डमध्ये अर्धा स्वर उतरून बी होतो, एफ मात्र जी सेव्हनपर्यंत टिकून मग ई वर विसावतो, आणि एवढे दोन धागे सांभाळले तरी साथीविनाही कॉर्डचा बदल कानाला स्पष्ट कळतो. वेगासाठी झुरणाऱ्यांनी, नामवंत जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी पिकऐवजी (तारा छेडायच्या पातळ चकतीऐवजी) अंगठ्याने वाजवत, हेही लक्षात घ्यावे. वर्गांमध्ये या दोन धाग्यांचे स्वर आधी गाऊन घ्यावेत, मगच वादन सुरू करावे.

– एक संगीतप्रेमी वाचक, लातूर